तिबेटी गालिचा : त्याची विणकाम-पद्धति व निर्वासितांनीं केलेलें तिचें जतन

तिबेट हा देश आमच्याकडील संशोधकांस प्रथम परिचित झाला तो पोथ्यांचें भांडार म्हणून. महापंडित राहुल सांकृत्यायन यांनीं इ. स. १९२९ ते १९३८ या अवधींत तिबेटच्या चार सफरी केल्या, आणि भरतखंडांत नामशेष झालेल्या कित्येक बौद्ध ग्रंथांच्या संस्कृत ताडपत्री प्रति तेथील मठांतून शोधून काढून त्यांच्या नकला व छायाचित्रें आणिलीं. ङोर मठांत सांपडलेल्या वसुबंधूच्या अभिधर्मकोशकारिकांचा मूळ पाठ पुण्याचे प्रा. वा. वि. गोखले यांनीं संपादून १९४६ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकांस विदितच आहे. मठांतील भिक्षु ज्या आसनांवर बसून पोथ्या वाचीत, त्या आसनांकडे मात्र पोथी शोधणाराची दृष्टि सहसा जात नाहीं. प्रस्तुत लेख त्या आसनांविषयीं, म्हणजे तिबेटी गालिच्यांविषयीं आहे.

पोथी व गालिचा यांत संशोधकाच्या दृष्टीनें एक मोठें अंतर आहे. पोथीच्या शेवटीं पुष्पिका असते. तींत लेखकाचें नांव, गांव, शक व संवत्सर, ज्याच्यासाठीं प्रत केली त्याचें नांव, कधीं कधीं दोषांबद्दल क्षमायाचनाहि असते. गालिच्यास सहसा यांतलें कांहींच नसतें. शिवाय जुन्या तिबेटांत विणणाराच्या पुढें कागदावर काढलेला नमुना नसे. तो विणी तो एक तर स्मरणानें, नाहीं तर समोर दुसरा गालिचा ठेवून. म्हणजे पोथीच्या परिभाषेंत बोलावयाचें तर प्रत्येक गालिचा ही एक नक्कल होय, आणि तिची मूळ प्रत बहुधा लोकांच्या बसण्या-निजण्यानें झिजून केव्हांच नाहींशी झालेली असते. अशा विद्येचें वसतिस्थान एकच, तें म्हणजे विणणाराचे हात. ते हात दोन पिढ्या रिकामे राहिले तर पुढें कितीहि गालिचे संग्रहालयांत टांगलेले असले तरी विद्या परत येत नाहीं. इ. स. १९५९ नंतर तिबेटी गालिच्यावर ही पाळी येऊं पाहात होती. ती टळली ती मुख्यत्वेंकरून निर्वासितांच्या उदरनिर्वाहाच्या निकडीमुळें. आणि ज्या निकडीनें ती टाळली तिनेंच या विद्येचें रूपहि पालटून टाकिलें. या दोन्ही गोष्टी संग्राहकानें एकदम ध्यानांत घेतल्या पाहिजेत, असें आमचें मत आहे.

प्रथम वस्तूची ओळख. तिबेटी घरांत सर्वांत अधिक आढळणारा गालिचा म्हणजे ‘खादेन’. यांतील ‘देन’ या शब्दाचा अर्थ आसन किंवा बैठक असा आहे. हा अजमासें तीन फूट रुंद व सहा फूट लांब असतो. भिंतीलगत घातलेल्या बैठ्या पलंगवजा आसनावर तो पसरतात. दिवसा त्यावर बसतात व रात्रीं त्यावरच निजतात. तेव्हां आपल्याकडे गालिचा म्हटला म्हणजे दिवाणखान्यांत पायांखालीं घालावयाची वस्तु अशी जी कल्पना येते, ती येथें लागू नाहीं. आपली सतरंजी, चौरंगावरील आसन व अंथरूण या तिहींचें काम एकट्या खादेनाकडे असतें. एका माणसापुरता चौकोनी गालिचा निराळा. घोड्याच्या खोगिराखालीं घालावयाचा निराळा, व खोगिरावर घालावयाचा त्याहून निराळा. मठाच्या सभागृहांत लांबच लांब पट्टे अंथरलेले असतात. त्यांवर चौकोन पाडलेले असून एकेक चौकोन ही एकेका भिक्षूची जागा असते. बसणाराचा दर्जा जसा मोठा तसें आसन उंच व त्यावरील गालिचा मूल्यवान, हा दंडक तेथें कटाक्षानें पाळला जात असे. त्यामुळें कोणता गालिचा कोणत्या जागेसाठीं विणला होता हें कळलें तर त्या घरच्या किंवा मठाच्या व्यवस्थेविषयींहि कांहीं कळतें.

लोंकर चांगथांग नांवाच्या उत्तरेकडील उंच पठारावरील मेंढ्यांची. हें पठार समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरांहून अधिक उंच आहे. तेथील थंडीमुळें मेंढीच्या लोंकरीस लांब तंतु व भरपूर नैसर्गिक स्निग्धता असते, आणि हातानें पिंजून चातीवर कांतलेल्या तिच्या सुतास एक प्रकारची चकाकी येते. जुन्या खादेनावर माणसें वर्षानुवर्षें निजल्यानें ती चकाकी वाढते. मळकेपणा निराळा व ही झांक निराळी, हें सरावानें ओळखूं येतें.

आतां विणण्याची पद्धति. या लेखाचा खरा गाभा हाच असल्यामुळें तिचें थोडें विस्तारानें वर्णन करणें अवश्य आहे. इराणी गालिच्यांत, व त्यांच्या धर्तीवर एके काळीं येरवड्याच्या तुरुंगांत जे गालिचे विणले जात त्यांतहि, प्रत्येक गांठ सुटी मारतात. ताण्याच्या दोन धाग्यांभोंवतीं लोंकरीचा पीळ घालावयाचा, तो सुरीनें तोडावयाचा, आणि पुढची गांठ घ्यावयाची. तिबेटी विणकर असें करीत नाहीं. तो उभ्या मागापुढें बसून ताण्याच्या पुढील बाजूस एक आडवी सळई धरतो. लोंकरीचें सूत ताण्याच्या दोन धाग्यांभोंवतीं नेऊन तेंच सूत, न तोडतां, सळईभोंवतीं वेढतो. मग पुढील दोन धागे, पुन्हां सळई, असें करीत जातो. रंग बदलावयाचा असेल तेथें एक सूत सोडून दुसरें उचलतो. ओळ पुरी झाली म्हणजे सळईवर सुताच्या वेढ्यांची एक माळच तयार झालेली असते. मग हातोडीनें सळई ठोकून ओळ घट्ट बसवितात आणि सळईच्या लांबीवरून सुरी फिरवून सर्व वेढे एकदम कापतात. सळई मोकळी होऊन हातांत येते, आणि कापलेल्या वेढ्यांचीं टोंकें उभी राहून गालिच्याची लव बनते. नंतर बाण्याचे धागे घालून ते फणीनें ठोकतात व पुढील ओळ सुरू करतात. सळई जितकी जाड तितकी लव लांब. अशा रीतीनें लवेची उंची विणकराच्या अंदाजावर न राहतां हत्यारावर राहते.

मागाच्या बांधणींतहि एक विशेष आहे. ताणा मागाच्या वरच्या व खालच्या तुळईभोंवतीं रहाटासारखा फिरता गुंडाळलेला असून त्याचीं दोन टोंकें एका आडव्या काठीवर एकमेकांत गुंतविलेलीं असतात. जसजसें काम वर चढतें तसतसा ताणा फिरवून खालीं घेतां येतो, आणि विणणाराची बैठक शेवटपर्यंत एकाच उंचीवर राहते. गालिचा पुरा झाल्यावर ती काठी ओढून घेतली कीं सर्व काम उलगडून सपाट होतें. ज्यांनीं आपल्याकडील सणगरांस घोंगडी विणतांना पाहिलें असेल त्यांस मागाची ही साधी पण पुरी विचार करून केलेली बांधणी परकी वाटणार नाहीं. मात्र घोंगडीस लव नसते.

या पद्धतीचे परिणाम गालिच्याच्या अंगावर स्पष्ट दिसतात. काम झपाट्यानें होतें, पण फार बारीक नक्षी निघत नाहीं. चौरस इंचास चाळीस ते साठ गांठी हें सामान्य मान होय. उत्तम इराणी गालिच्यांत ही संख्या कित्येक शतें भरते. यामुळें पुष्कळ दिवसपर्यंत पाश्चात्त्य व्यापारी तिबेटी गालिच्यास ग्रामीण व जाडाभरडा समजून दूर ठेवीत असत. परंतु बारीक गांठ हीच गालिच्याची एकमेव कसोटी धरणें म्हणजे मोडी व बाळबोध यांची एकाच मापानें परीक्षा करण्यासारखें आहे. तिबेटी विणकरास मोठे आकार, मोकळी जमीन व ठसठशीत रंग साधावयाचे असतात, आणि तें काम त्याची पद्धति पुरेपूर करते. इ. स. १९७४ मध्यें फिलिप डेनवुड यांनीं तिबेटी गालिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध करून या विणीचें शास्त्रीय वर्णन केलें, तेव्हांपासून अभ्यासकांची दृष्टि हळूहळू निवळत गेली आहे.

ग्यांत्से या व्यापारी शहराची गालिच्यांविषयीं जुनी ख्याति आहे. वांगदेन नांवाचें एक खोरें आहे; तेथील गालिचे निराळ्या जातीचे, त्यांची पाठ ताण्याच्या धाग्यांनीं पूर्ण झांकलेली असते, आणि त्यांचा उपयोग विशेषतः मठांतील आसनांसाठीं होई. जाणकार ही वीण अधिक जुनी मानतात. सरदार घराण्यांच्या वाड्यांतूनहि माग असत. तेथें विणणारांपैकीं कित्येकजण कुळें असून सारा किंवा वेठ यांच्या पोटीं त्यांस धन्याच्या मागावर बसावें लागे. सुंदर गालिच्याकडे पाहतांना ही गोष्ट विसरूं नये. निर्वासांतील विणकामाची कथा सांगतांना पूर्वस्थिति ही जणुं सुवर्णयुग होतें असें लिहिण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो इतिहासास धरून नाहीं.

नक्षीविषयीं थोडेंच लिहितों, कारण त्या विषयावर चित्रांवांचून लिहिणें व्यर्थ होय. ड्रॅगन व फिनिक्स पक्षी, कांठावरील वळणांची साखळी, ढग व नाणीं ही चीनकडून आलेलीं. कमळ व स्वस्तिक हीं आपल्या ओळखीचीं. स्वस्तिकास तेथें ‘युंगद्रुंग’ म्हणतात. सर्वांत नवलाचा प्रकार व्याघ्र-गालिच्यांचा. यांत वाघाचें सबंध कातडें पसरल्यासारखें, किंवा नुसते त्याचे पट्टे विणलेले असतात. वाघ हा त्या उंच पठारावरील प्राणी नव्हे. सिद्ध पुरुषाचें आसन व्याघ्राजिन, ही आपल्याकडील कल्पना बौद्ध तंत्रमार्गाबरोबर तिकडे गेली, आणि कातडें दुर्मिळ म्हणून तें लोंकरींत उतरलें. लंडन येथें १९८८ सालीं अशा गालिच्यांचें प्रदर्शन झालें, आणि त्यानंतर संग्राहकांत त्यांचें मोल एकाएकीं चढलें.

कालनिर्णयाचा प्रश्न आमच्या वाचकांस अधिक जिव्हाळ्याचा वाटेल. आज संग्रहांतून दिसणारे बहुतेक तिबेटी गालिचे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध व विसाव्या शतकाचा पूर्वार्ध यांतील आहेत. लेखी पुरावा नसल्यामुळें अंतर्गत पुराव्यावर भिस्त ठेवावी लागते, आणि त्यांत रंग हा पहिला साक्षीदार. जुने रंग वनस्पतींचे. तांबडा मंजिष्ठेचा किंवा लाखेचा, पिंवळा रेवंदचिनीच्या जातीच्या झाडाचा, तपकिरी अक्रोडाच्या टरफलांचा, आणि निळा हिंदुस्थानांतून जाणाऱ्या निळीचा. इ. स. १८५६ मध्यें पर्किन यानें दगडी कोळशाच्या डांबरापासून पहिला कृत्रिम रंग काढला. १८६९ मध्यें मंजिष्ठेंतील रंगद्रव्य कृत्रिम रीतीनें तयार झालें. १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारांत आली. यांतील रंग ज्या गालिच्याच्या मूळ विणींत सांपडेल तो त्या त्या सालाच्या अलीकडचा, हें निर्विवाद. उलट, वनस्पतिरंग सांपडले म्हणून गालिचा जुना, हें मात्र सिद्ध होत नाहीं. कारण गेल्या कांहीं दशकांत अनेक विणकामशाळांनीं हे रंग मुद्दाम पुन्हां चालू केले आहेत. हीच गोष्ट ताण्याची. जुना ताणा लोंकरीचा असतो व विसाव्या शतकाच्या आरंभापासून हिंदुस्थानांतील सुताचा ताणा प्रचारांत आला, हें खरें. तथापि खेड्यांतून लोंकरीचा ताणा पुढेंहि चालूच राहिला. खोगिराखालील गालिच्याचा कमरेशीं खांचा असलेला फुलपांखरासारखा आकार १९०३-०४ च्या यंगहजबंडच्या स्वारीनंतर इंग्रजी खोगिरावरून आला असें मानतात. एका खुणेवर निकाल न देतां तीन-चार खुणा एकत्र जुळल्या तरच काळ ठरवावा. दस्तऐवजाच्या खरेखोटेपणाची परीक्षा करतांना आपण कागद, शाई, वळण, शिक्का व मायना हीं सर्व पाहतों, त्यांतलाच हा प्रकार आहे.

आतां निर्वासनाकडे वळूं. इ. स. १९५९ च्या मार्च महिन्याच्या १७ तारखेस चौदावे दलाई लामा ल्हासा सोडून निघाले व महिनाअखेर त्यांनीं हिंदुस्थानच्या हद्दींत पाऊल ठेविलें. त्यांच्या मागोमाग सुमारें ८०,००० तिबेटी लोक हिंदुस्थान, नेपाळ, भूतान व सिक्कीम यांत आले. आसामांतील मिसामारीच्या छावणींत उष्म्यानें व रोगानें पुष्कळ माणसें दगावलीं. भिक्षूंचा एक मोठा समुदाय उत्तर बंगालमधील बक्सा येथें, जेथें इंग्रजी अमदानींत राजबंदी ठेवीत असत त्याच ठिकाणीं, ठेवण्यांत आला. तेथें क्षयानें त्यांस घेरलें. धडधाकट माणसें हिमालयाच्या पायथ्याशीं रस्ते फोडण्याच्या कामावर गेलीं. अशा वेळीं कोणी पोथ्या पाठीवर आणिल्या, कोणी मूर्ति आणिल्या, कोणी अंथरुणासाठीं गुंडाळलेला एखादा खादेन आणिला, आणि त्यांतील पुष्कळ वस्तु अन्नासाठीं विकून टाकल्या. आज युरोप-अमेरिकेंत असलेल्या कित्येक गालिच्यांची मालकी या मार्गानें पालटलेली आहे.

पोथ्यांची सोय पुढें लागली. गंगटोक येथील तिबेटविद्या-संस्था १९५८ सालींच उघडली होती. धर्मशाळा येथें १९७० सालीं तिबेटी ग्रंथ व दप्तर यांचें ग्रंथालय स्थापन झालें. गालिच्याचें ज्ञान असें कपाटांत ठेवण्याजोगें नव्हतें. त्याचा निवारा निघाला तो दार्जिलिंग येथें. दलाई लामांचे वडील बंधु ग्यालो धोंडुप यांच्या पत्नीच्या पुढाकारानें २ ऑक्टोबर १९५९ रोजीं तेथें तिबेटी निर्वासित स्वावलंबन केंद्र सुरू झालें. आरंभीं कामकरी अवघे चार होते. जागा लेबाँगच्या बाजूस, पूर्वीं तेरावे दलाई लामा १९१० ते १९१२ या आपल्या परागंदा काळांत जेथें राहिले होते त्याच परिसरांत मिळाली. केंद्राच्या नांवांतच त्याचें धोरण आहे : दानावर न जगतां कामावर जगावयाचें. लोंकर पिंजणें, कांतणें, रंगविणें व विणणें हीं चारी कामें एकाच आवारांत चालत, आणि त्यांच्या मिळकतीचा उपयोग त्याच आवारांतील वृद्ध, अनाथ व आजारी यांच्या पोषणास होई. लेंकरें सांभाळण्याची व शिकविण्याची सोय शेजारींच असल्यामुळें आयांस मागावर बसतां येई. ही व्यवस्था किरकोळ वाटते, पण जुन्या घरगुती विणकामांत मूल आईच्या मागाजवळ वाढे व पाहून शिके, तो धागा तिनें पुष्कळसा शाबूत ठेविला.

नेपाळांत पाटणजवळ जावलाखेल येथें १९६० सालीं अशीच वसाहत झाली. तेथें आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस व स्वित्झर्लंडच्या साहाय्यक संस्था यांनीं हात दिला, आणि टोनी हागेन या स्विस भूगर्भशास्त्रज्ञाचा त्यांत मोठा वांटा होता. पोखऱ्याजवळ, धोरपाटन येथें व सोलुखुंबूंतील च्यालसा येथेंहि केंद्रें निघालीं. स्विस लोकांनीं हिशोब, मालाची पारख व परदेशांतील गिऱ्हाईक हीं आणिलीं. हात व नमुने तिबेटी लोकांचे. पुढें हिंदुस्थान सरकारनें दक्षिणेंत जमिनी दिल्यावर म्हैसूरजवळील बैलकुप्पें व उत्तर कानडांतील मुंडगोड येथील वसाहतींतहि माग लागले.

येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. या केंद्रांत बसलेले सगळेच पूर्वीचे विणकर नव्हते. कोणी खाम प्रांतांतील, कोणी पठारावरील मेंढपाळ, कोणी शेतकरी. ज्या थोड्या बायका-पुरुषांस ग्यांत्सेकडील वीण येत होती त्यांच्याजवळ बसून इतर शिकले. जी विद्या पूर्वीं मुख्यत्वें मध्य तिबेटांतील कांहीं भागांची व कांहीं घराण्यांच्या आश्रयाची होती, ती निर्वासांत सर्व तिबेटी लोकांची म्हणून ओळखली जाऊं लागली. आणि वेठीच्या मागावरून उठून ती मजुरीच्या मागावर आली. विणणारी बाई आतां रोख वेतन घेत होती. तेव्हां ‘परंपरा राखली’ या शब्दांचा अर्थ ती जशीच्या तशी राखली असा करूं नये.

गालिचाहि बदलला. युरोपीय गिऱ्हाइकास निजण्याचें आसन नको होतें, खोलीभर पसरावयाची बिछाईत हवी होती; म्हणून माग रुंद झाले. नमुना स्मरणांतून निघून चौकड्यांच्या कागदावर गेला, कारण चार बायका एका मागावर बसल्या म्हणजे चौघींची आठवण एक असून चालत नाहीं, ती कागदावर असावी लागते. भडक रंग जाऊन फिके आले. गांठींची संख्या ‘साठीचा माल’, ‘शंभरीचा माल’ अशी व्यापारी परिभाषेंत बोलूं लागली. १९६२ च्या युद्धानंतर कालिंपाँगकडील खिंडी बंद झाल्या व तिबेटी लोंकरीचा तो पुरातन मार्ग थांबला. नेपाळांत ती लोंकर मिळत राहिली, पण माल वाढला तशी तींत न्यूझीलंडची लोंकर मिसळावी लागली. या सर्वांत सळई मात्र टिकली. आकार, रंग, नमुना, लोंकर, गिऱ्हाईक, विणणारांची जात व भाषा हीं सर्व बदलत असतां वेढा घालून कापण्याची ती रीत हलली नाहीं, आणि आमच्या मतें तिबेटी गालिच्याची खरी ओळख तीच होय.

विणणारांची जात व भाषा बदलली असें वर म्हटलें, तें नेपाळास उद्देशून. तेथील धंदा १९८० नंतर इतका फोंफावला कीं तो निर्वासितांच्या हातांत मावेना. १९९३-९४ या वर्षीं नेपाळची गालिच्यांची निर्यात ३० लाख चौरस मीटरांहून अधिक झाली. मुख्य गिऱ्हाईक जर्मनी. काठमांडूच्या खोऱ्यांत शेंकडों कारखाने उभे राहिले, आणि त्यांत तामांग वगैरे डोंगरी जातींचे नेपाळी लोक मागावर बसले. लहान मुलेंहि बसलीं. १९९४ सालीं जर्मनींत त्याचा बोभाटा झाला, मागणी घसरली, आणि पुष्कळ कारखाने मिटले. त्याच वर्षीं हिंदुस्थानांत कैलास सत्यार्थी यांच्या प्रयत्नानें बालमजुरीवांचून विणलेल्या गालिच्यांस खुणेची चिठ्ठी लावण्याची ‘रगमार्क’ योजना निघाली व ती पुढें नेपाळांतहि गेली. गालिचे धुण्याच्या रसायनांनीं बागमतीचें पाणी बिघडलें ही तक्रारहि त्याच काळांतली. अन्नासाठीं जागी राहिलेली विद्या नफ्याच्या हातीं गेली म्हणजे काय होतें, याचें हें उदाहरण निर्वासित केंद्रांच्या गौरवगाथेंत बहुधा वगळलेलें असतें. म्हणून येथें मुद्दाम नमूद केलें.

तिबेटांत ही कला मेली आणि परदेशांत तेवढी जगली, असेंहि नव्हे. ग्यांत्से, शिगात्से व वांगदेनकडे माग चालूच आहेत, आणि २००६ सालीं चीननें आपल्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादींत खादेन व स्त्रियांचें पट्टेदार अंगवस्त्र विणण्याची कला समाविष्ट केली. तथापि निर्वासितांच्या केंद्रांची गोष्ट निराळी आहे. तेथें गालिचा विकला गेला नसता तर म्हाताऱ्यांचा आश्रम बंद पडला असता, आणि आश्रम बंद पडला असता तर ज्यांच्या आठवणींत जुने नमुने होते तीं माणसेंहि पांगलीं असतीं. आज या केंद्रांपुढील अडचण अगदीं उलट दिशेची आहे. पहिल्या पिढीचीं माणसें थकलीं, आणि त्यांच्याच मिळकतीवर शिकलेलीं नातवंडें स्वित्झर्लंड, अमेरिका, कानडा येथें गेलीं किंवा निराळ्या धंद्यांत शिरलीं. ज्या मजुरीनें घर तगलें तिच्यावर नातवानें समाधान मानावें, असें म्हणण्याचा अधिकार आपणां संग्राहकांस नाहीं.

संग्राहकास जें करतां येईल तें असें. गालिचा घेतांना लांबी-रुंदीबरोबर पाठीवरून एका चौरस इंचांतील गांठी मोजाव्या, ताणा व बाणा कशाचा आहे तें लिहावें, कडा कशी बांधली आहे व तांबड्या कापडाची गोट शिवलेली असल्यास ती मूळची कीं मागाहूनची हें पाहावें, आणि ती गोट उसवूं नये. काठमांडूच्या बाजारांत नवा माल रसायनानें धुऊन त्यावर जुनेपणाची झांक आणण्याची युक्ति सर्रास चालते. तेव्हां लवेच्या बुडाशीं रंग कसा आहे तें उकलून पाहिल्यावांचून निर्णय करूं नये. विकणारानें सांगितलेली हकीकत, खोटी वाटली तरी, त्याच दिवशीं टिपून ठेवावी. आणि जुन्या गालिच्याबरोबर नव्यापैकींहि एखादा, विणणाराचें नांव विचारून, संग्रहांत ठेवावा. पुष्पिका नसलेल्या वस्तूस निदान यापुढें तरी पुष्पिका लाभेल.

याहून निकडीचें काम शब्दांचें आहे. सळई, वेढा, फणी, कांठ, प्रत्येक नमुना, प्रत्येक रंगाची छटा व तो रंग उकळण्याचें प्रमाण यांस तिबेटी भाषेंत विणकरांचे स्वतःचे शब्द आहेत, आणि प्रांतागणिक ते बदलतात. हे शब्द कोशांत फारसे नाहींत. ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं आहेत. त्यांसाठीं हिमालयांतच गेलें पाहिजे असें नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत त्या वेळच्या भंडारा, आतांच्या गोंदिया जिल्ह्यांत अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत गोठणगांवाजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. थंडीच्या दिवसांत आपल्या शहरांतून रस्त्याच्या कडेला स्वेटर विकणारीं जीं तिबेटी कुटुंबें दिसतात तीं अशाच वसाहतींतून आलेलीं असतात. त्यांच्यापुढील माल बहुतेक लुधियान्याच्या यंत्रांवर विणलेला असला, तरी त्यांच्या घरांतील वडील माणसांपैकीं कोणी तरुणपणीं मागावर बसलेलें असण्याचा संभव पुष्कळ. नागपुराहून ही वसाहत एका दिवसाच्या अंतरावर आहे. जाणारानें बरोबर गालिच्यांचीं चांगलीं छायाचित्रें, पाठीचीं सुद्धां, न्यावीं. वही काढण्यापूर्वीं चहा घ्यावा, आणि पहिला प्रश्न नमुन्याच्या अर्थाचा न विचारतां सळईस काय म्हणत असत असा विचारावा. हत्याराचें नांव निघालें म्हणजे बाकीचे शब्द त्यामागून आपोआप येतात.